विसर्ग कीं अपूर्णविराम?

संगणकाला आज्ञा कशा द्याव्यात हें नवशिक्याला शिकविणारें लिखाण आज छत्रपति संभाजीनगरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत येऊन पोंचलें आहे. औरंगपुरा घ्या, समर्थनगर घ्या, नाहीं तर सिडको. एकत्र कुटुंबांत एकादा पुतण्या, एकादी भाची किंवा धाकटी सून पायथन नांवाची संगणकाची भाषा बहुधा शिकत असतेच. विद्यापीठ येथें १९५८ सालीं निघालें, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालीं; त्यांच्या आधारानें शिकवणीचे वर्ग वाढले, आणि वर्गांबरोबर टिपणें वाढलीं. कांहीं इंग्रजी, कांहीं मराठी, पुष्कळशीं दोहोंची भेसळ. घरांतील वडील मंडळी हीं टिपणें सहसा हातांत घेत नाहींत. तें मुलांचें प्रकरण, आपणांस त्यांतलें काय कळणार, असें म्हणून तीं बाजूस ठेवितात. आमचें म्हणणें असें कीं, त्या टिपणांतील पुष्कळ चुका संगणकाच्या नसतातच, भाषेच्या असतात. आणि भाषेची चूक पकडण्याची विद्या तर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. सकाळीं वर्तमानपत्र हातीं आलें कीं बातमी वाचण्यापूर्वीं तिच्यांतील ऱ्हस्वदीर्घाला लाल पेन्सिल लावणारे आजोबा कोणीं पाहिले नाहींत? त्या पेन्सिलीचा उपयोग मात्र कोणालाच होत नाहीं, कारण तें वर्तमानपत्र दुपारीं रद्दींत जातें.

एक उदाहरण सविस्तर पाहूं, कारण तें अगदीं आपल्या लिपीचें आहे. पायथन भाषेंत 'अमुक असेल तर' अशी अट लिहिली कीं त्या ओळीच्या शेवटीं अपूर्णविराम द्यावा लागतो, म्हणजे एकाखालीं एक असे दोन ठिपके. ते नसले तर संगणक पुढें एक पाऊल टाकीत नाहीं. आतां मराठी कळफलकावर विसर्गहि असतो, आणि विसर्ग म्हणजेहि एकाखालीं एक दोन ठिपकेच. 'स्थळ', 'वेळ', 'विषय' या शब्दांपुढें अपूर्णविरामाच्या जागीं विसर्ग ठोकून देण्याची चाल लग्नपत्रिकांपासून अर्जांपर्यंत सगळीकडे आहे. तेथें तिनें कोणाचें बिघडत नाहीं. 'स्थळ' या शब्दापुढें विसर्ग पडला म्हणून वऱ्हाड कांहीं दुसऱ्या मंगल कार्यालयांत जात नाहीं. परंतु युनिकोड नांवाच्या ज्या जागतिक लिपिसंकेतावर आजचे संगणक चालतात त्यांत या दोन चिन्हांचे क्रमांक अगदीं निराळे आहेत. अपूर्णविराम हें विरामचिन्ह, विसर्ग हा अक्षराचा अवयव. मराठी टिपण टंकणारानें अटीच्या ओळीशेवटीं विसर्ग दिला आणि मुलानें ती ओळ जशीच्या तशी उचलून संगणकावर ठेविली, तर काय होतें? ओळीच्या शेवटीं एकादें नांव असेल तर पायथन तो विसर्ग त्या नांवाचेंच शेवटचें अक्षर समजते, कारण २००८ सालापासून या भाषेंत देवनागरी अक्षरांचीं नांवेंहि चालतात. मग तिच्या अलीकडच्या आवृत्त्या उत्तर देतात कीं, येथें अपूर्णविराम अपेक्षित होता. मुलगा टिपणांत पाहातो, दोन ठिपके आहेत. पडद्यावर पाहातो, दोन ठिपके आहेत. यंत्र म्हणतें, ठिपके नाहींत.

अशा वेळीं अनुभवी माणूस क्षणभर हंसतो, ते ठिपके पुसून पुन्हा टंकतो आणि पुढें जातो. नवशिक्याला तें सुचत नाहीं. पुस्तक चुकलें असेल असा संशय घेण्यासाठीं पुस्तकापेक्षां थोडें अधिक ठाऊक असावें लागतें, आणि त्याला तर पुस्तकाइतकेंहि ठाऊक नसतें. त्यामुळें दोष तो स्वतःकडे घेतो. कन्नड, सिल्लोड, वैजापूर अशा ठिकाणीं मराठी शाळेंत शिकून शहरांतील वसतिगृहांत राहिलेल्या, आणि घराण्यांत पहिल्यानेंच या विद्येला हात घातलेल्या एकाद्या मुलीचा विचार करा. 'अग, तुझें नाहीं, पुस्तकच चुकलें आहे' असें सांगणारें तिच्या शेजारीं कोणी नसतें. तीन संध्याकाळ ती त्या एका ओळीवर घालविते, आणि चौथ्या दिवशीं आपलें डोकें या विषयांत चालत नाहीं असें ठरवून मोकळी होते. कादंबरींत एक अक्षर चुकलें तर वाचक तें मनांतल्या मनांत सुधारून पुढें सरकतो. येथें एका चिन्हापायीं विद्यार्थिनी विद्येलाच मुकते. म्हणून नवशिक्याच्या पुस्तकांतील लहान चूक ही पंडितांच्या ग्रंथांतील मोठ्या चुकीपेक्षां अधिक वाईट, असें आम्ही मानतों.

विसर्ग हा या जातीचा एक नमुना झाला. इंग्रजी टिपणांत क्रियापद आधीं येतें, त्यामुळें 'लिहा' हा शब्द अगोदर आणि टंकावयाची आज्ञा वाक्याच्या शेवटीं अशी रचना होते. लेखकानें व्याकरणाच्या शिस्तीप्रमाणें वाक्याशेवटीं टिंब दिलें कीं विद्यार्थी तें टिंबहि आज्ञेबरोबर टंकतो. मराठींत क्रियापद शेवटीं येत असल्यानें हें संकट आपोआप टळतें. आपल्या वाक्यरचनेचा हा एक फायदा कोणा वैयाकरणाच्या ध्यानांत आला असेल असें वाटत नाहीं. अवतरणचिन्हांची कथा निराळी. पायथनला सरळ उभीं अवतरणचिन्हें लागतात, पण मजकूर लिहिण्याचीं सॉफ्टवेअरें सुबकपणासाठीं तीं आपोआप वळवून टाकितात. पान देखणें होतें आणि आज्ञा निकामी. आंकड्यांचेंहि तेंच. आज्ञेमध्यें देवनागरी आंकडा पायथन घेत नाहीं, म्हणून मराठी टिपणाच्या मजकुरांत देवनागरी आंकडे आणि आज्ञांत इंग्रजी आंकडे असा भेद पाळावाच लागतो. एकादा उत्साही अक्षरजुळणी करणारा सगळे आंकडे 'एकसारखे' करून ठेवितो, आणि सबंध प्रकरण बिघडतें.

परंतु हीं झालीं चिन्हें. आम्हांला अधिक काळजी वाटते ती शब्दांची. 'पर्यंत' हा साधा शब्द घ्या. आजीनें नातवाला 'दहापर्यंत अंक म्हण' असें सांगितलें तर नातू दहा म्हटल्याशिवाय थांबत नाहीं. पायथनकडे एक आणि दहा हे अंक देऊन मालिका मागितली तर ती नऊवर थांबते. शेवटचा अंक मालिकेंत धरावयाचा नाहीं असा त्या भाषेचा संकेत आहे. आतां टिपणकारानें 'ही आज्ञा १ पासून १० पर्यंतचे अंक देते' असें लिहिलें तर तें वाक्य मराठी म्हणून निर्दोष आणि माहिती म्हणून खोटें ठरतें. '१० च्या आधीं थांबते' असें लिहिलें असतें तर सगळें भागलें असतें. 'पहिला' या शब्दाचा घोटाळा याहून नाजूक आहे. यादींतील पहिल्या वस्तूचा क्रमांक तेथें शून्य असतो. म्हणजे 'पहिली वस्तु' आणि 'क्रमांक १ ची वस्तु' या दोन निराळ्या वस्तु होतात, आणि हे दोन्ही प्रयोग एकाच परिच्छेदांत बेफिकीरपणें केलेले आढळतात. 'दहापेक्षां कमी' आणि 'दहा किंवा त्याहून कमी' यांची गल्लत तर शाळेच्या गणितापासूनची. शिवाय एकाच पदार्थाला पहिल्या पानावर 'चल', चौथ्या पानावर 'परिवर्तक' आणि नवव्या पानावर 'व्हेरिएबल' असें म्हटलें कीं वाचणाराला ते तीन पदार्थ वाटतात. तोच तो शब्द पुन्हा पुन्हा वापरूं नये असा संस्कार आपल्या निबंधाच्या मास्तरांनीं आपणांवर केला. ललित लेखनांत तो शोभतो, येथें घातक ठरतो.

या कामासाठीं आमच्या जिल्ह्याला दुसरीकडून धडा आणावयास नको. शहराच्या दक्षिणेस पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढें जवळजवळ तीनशें वर्षें ती हातानें उतरली जात होती. आणि उतरणारांनीं, कधीं नजरचुकीनें तर कधीं भक्तीच्या भरांत, तींत पाठभेद घुसविले. पैठणच्या एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, तिची शुद्ध प्रत तयार केली. ही गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊकच आहे. आम्ही तिचा उल्लेख करतों तो एका निराळ्या कारणासाठीं. एकनाथी भागवत त्याआधीं १५७३ सालीं वाराणसीस पुरें झालें होतें. ओवी रचण्याचें सामर्थ्य त्या काळीं नाथांइतकें दुसऱ्या कोणाजवळ होतें? तरीहि ज्ञानेश्वरी शुद्ध करतांना त्यांनीं आपली ओवी तींत घातली नाहीं, आणि पुढें कोणीहि घालूं नये अशी कडक शब्दांत समज देऊन ठेविली. चुकलेलें तेवढें जागेवर आणावयाचें आणि आपलें म्हणून कांहीं मिसळावयाचें नाहीं, ही शिस्त कवित्वापेक्षां कठीण आहे. छापखाने आल्यावर मुंबईस जावजी दादाजींनीं १८६९ सालीं काढलेल्या निर्णयसागरानें तीच खिळ्यांच्या कामांत आणिली. तेथील ग्रंथ वासुदेवशास्त्री पणशीकरांसारखे पंडित शोधून देत, आणि निर्णयसागराची प्रत म्हणजे शुद्ध प्रत असा लौकिक होता. संगणकाच्या टिपणांना तसा शास्त्री अद्याप मिळावयाचा आहे.

चूक वेळीं निघाली नाहीं म्हणजे ती कशी कायमची होऊन बसते याचे मासले संगणकाच्या माहेरीं, अमेरिकेंत, पाहावयास मिळतात. युनिक्स ही प्रसिद्ध संगणकव्यवस्था केन टॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं घडविली. तींत नवी फाइल निर्माण करणारी जी आज्ञा आहे तिच्या 'क्रिएट' या इंग्रजी नांवांतील शेवटचें 'ई' अक्षर गाळलेलें आहे. युनिक्स पुन्हा घडवावयाचें झालें तर काय बदलाल, असें टॉम्पसन यांना विचारलें असतां, तें 'ई' परत लावीन, असें त्यांनीं उत्तर दिलें. आज्ञा मात्र अजून तशीच आहे. दुसरी गोष्ट वेबच्या नियमपत्राची. वाचक कोणत्या पानावरून येथें आला हें यंत्राला कळविणारा 'रेफरर' असा एक शब्द त्यांत आहे. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रांत त्याच्या इंग्रजी लेखनांतील एक 'आर' गळालेला आहे. तोंवर ती चूक यंत्रांनीं पाठ करून टाकिली होती. आज कोणी तो शब्द शुद्ध लिहून पाठविला तर यंत्राला तोच कळत नाहीं. अशुद्धच शुद्ध होऊन बसलें आहे.

उलट डोनाल्ड कनूथ यांची तऱ्हा पाहा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हे निवृत्त प्राध्यापक, संगणकशास्त्रावरील त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ सालीं निघाला. आपल्या पुस्तकांतील चूक प्रथम दाखवून देणाराला ते २ डॉलर ५६ सेंट देत आले. संगणकाच्या सोळाच्या हिशेबांत २५६ हा अंक १०० असा लिहिला जातो, म्हणून त्यांच्या लेखीं तो एक पुरा डॉलर. मिळालेला चेक बँकेंत न टाकतां चौकट करून भिंतीवर लावणारे लोक पुष्कळ निघाले. २००८ सालीं बँकांतील फसवणुकीच्या भीतीनें त्यांनीं खरे चेक पाठविणें बंद केलें आणि एका काल्पनिक बँकेचे द्यावयास आरंभ केला. मागणी त्यानें कमी झाली नाहीं. एवढ्या विद्वानाला आपली चूक दाखविणाराचा राग येत नाहीं हें पाहून आमच्याकडील कांहीं टिपणकारांनीं विचार करावा.

आतां दुरुस्ती पाठवावयाची कशी, तें सांगतों. खुल्या सॉफ्टवेअरांचें पुष्कळसें लिखाण कोणालाहि पाहातां येतें आणि त्यांत बदल सुचवितां येतो. लायनस टोरव्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं केलेल्या 'गिट' या व्यवस्थेंत कोणती ओळ कोणीं, केव्हां बदलली याची नोंद राहाते. बदल सुचविणारानें दुरुस्त ओळ आणि तिचें कारण थोडक्यांत द्यावयाचें. त्या लिखाणाचे राखणदार तें तपासून स्वीकारतात किंवा नाकारतात. स्वीकारलेल्या बदलापुढें सुचविणाराचें नांव राहातें. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला जगांतील नामांकित ग्रंथावर असें नांव लागणें ही लहान गोष्ट नव्हे, आणि तेथेंच लोभ शिरतो. ऑक्टोबर २०२० मध्यें अशा बदलांना उत्तेजन देणाऱ्या एका वार्षिक उपक्रमांत चार बदल सुचविणाराला अंगरखा, म्हणजे टी-शर्ट, बक्षीस होता. तेव्हां कोठें 'छान', कोठें 'उत्कृष्ट' असे शब्द फुकट घुसडणाऱ्या सूचनांचा असा पूर आला कीं विनावेतन काम करणारे राखणदार टेकीस आले, आणि परवानगी दिलेल्या ठिकाणचेच बदल मोजले जातील असा नियम ऐन महिन्यांत करावा लागला. त्या पुरांत आपल्या देशांतील विद्यार्थी पुष्कळ होते, हें सांगावयास वाईट वाटतें. नाथांनीं ज्या ओवीची मनाई केली ती हीच.

आमच्या वर्गालाहि दोन शब्द ऐकविणें जरूर आहे. शुद्धलेखनाचा अभिमान निराळा आणि दुरुस्ती निराळी. आम्ही स्वतः या पानांत जुन्या वळणाचे अनुस्वार देतों, हें वाचकांना दिसतच आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ सालीं सरकारनें मान्य केले, १९७२ सालीं त्यांत भर पडून ते अठरा झाले. न उच्चारले जाणारे हे अनुस्वार त्या नियमांनीं वगळले. तेव्हां आमचे अनुस्वार ही आमची हौस. ती आम्ही एकाद्या विद्यार्थ्याच्या टिपणावर लादूं लागलों तर ती दुरुस्ती नव्हे, उपद्रव होय. मराठवाड्यांत 'प्रोग्राम चालायलाय' असें सहज म्हणतात, म्हणजे तो चालूं आहे. पुण्याच्या कानाला तें खटकेल. पण त्यांत संदिग्ध असें कांहीं नाहीं. याच्या उलट 'सदर प्रक्रियेचें कार्यान्वयन करण्यांत यावें' हें वाक्य व्याकरणाच्या परीक्षेंत पैकीच्या पैकी गुण मिळवील, पण कोणती कळ दाबावयाची तें त्यांत नाहीं. लाल पेन्सिल दुसऱ्या वाक्यावर चालावी, पहिल्याला हात लावूं नये. शुद्धतेच्या नांवाखालीं दुसऱ्याच्या मुलाच्या बोलीला हंसण्याचे प्रकार आपल्या घरांतून फार झाले. त्यांपायीं पुष्कळ हुषार मुलें वर्गांत तोंड उघडीनाशीं झालीं, आणि 'येथें मला समजलें नाहीं' हे टिपणकाराच्या सर्वांत उपयोगाचे शब्द त्याच्या कानांवर येईनासे झाले.

हें काम आतां अधिक निकडीचें झालें आहे. २०२१ पासून पिंपरी चिंचवड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक अभियांत्रिकीचें शिक्षण मराठींतून सुरू झालें. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें अभियांत्रिकीचीं पुस्तकें मराठींत करविलीं. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनीं उभारलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमांत दहाएक मिनिटांचे पाठ मराठींतहि ऐकावयास मिळतात. या उपक्रमांतील एक रीत आम्हांला फार आवडली: पाठाची संहिता जाणत्यांनीं तपासावयाचीच, पण नवशिक्याकडूनहि ती पारखून घ्यावयाची. ज्याला विषय येतो त्याच्या डोळ्यांना गाळलेली पायरी दिसत नाहीं. ज्याला येत नाहीं तो बरोबर तेथेंच अडखळतो.

एकत्र कुटुंबांत असा नवशिक्या शोधावयास लांब जावें लागत नाहीं. मुलीनें टिपणाचें एक पान आजीपुढें मोठ्यानें वाचावें. 'तें त्यांत ठेवून तें पुन्हा तपासा' असें वाक्य आलें कीं आजी विचारील, 'तें म्हणजे कोण ग, आणि कशांत ठेवावयाचें?' आजीला पायथन येत नाहीं, परंतु सर्वनाम हवेंत लोंबकळत आहे हें तिला तत्काळ कळतें. अशा जागीं खूण करावी. मग मुलीनें ती ओळ संगणकावर चालवून पाहावी, कारण भाषेंत खटकलेलें सगळेंच चूक नसतें. ओळीशेवटच्या दोन ठिपक्यांचा संशय आला तर ते पुसून इंग्रजी कळफलकावरून पुन्हा द्यावेत. ओळ चालली तर दोष पुस्तकाचा. आजोबांनीं शेवटीं पेन्सिल घ्यावी, आणि एका वेळीं एकच चूक कळवावी. दहा चुकांचें पत्र टिपणकाराला टीका वाटतें आणि तो तें बाजूस ठेवितो. एका चुकीचें पत्र तो त्याच दिवशीं निकालांत काढतो. पत्रांत प्रस्तावना नको, शिकविण्याच्या ऱ्हासाबद्दल खेद नको, कालिदासाचा दाखलाहि नको. पृष्ठ कितवें, ओळ कितवी, काय छापलें आहे, काय हवें, आणि तसें केल्यावर आज्ञा चालली कीं नाहीं, एवढें पोस्टकार्डावर मावतें: 'पृष्ठ १४, ओळ ३. शेवटीं विसर्ग आहे, अपूर्णविराम हवा. बदलून पाहिलें, चालतें.'